साखरपेरणी

अभिनंदन चौगुलेला एकाच वेळी आपल्या आईचा आणि बायकोचा हेवा वाटायचा. एकीचाच वाटला असता तर निदान दुसरीपाशी जाऊन गाऱ्हाणं सांगता आलं असतं. पण दोघी एकमेकींच्या इतक्या जिवलग झाल्या होत्या, की घरात गाऱ्हाणं सांगायला फक्त फ्रीज उरला होता.

आणि याला कारण तोच. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं पुष्कळ असतात. अभिनंदननं तो धोंडा आधी नीट पारखून घेतला होता.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं कशी छान गेली होती! त्याची आई त्रिशलाबाई आणि बायको प्रणोती यांचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. दोघी एकाच स्वयंपाकघरात, एकाच ओट्यापाशी उभ्या असायच्या, आणि हा मध्ये. "अभ्या, तुझ्या बायकोला सांग, डाळीत मीठ नाही." "अभि, तुझ्या आईंना सांग, मीठ डब्यात आहे." हातभर अंतरावरचा निरोप हा पोचवायचा. कामाचा ताप होता, पण मान होता. शिवाय आईनं एक भाजी केली की प्रणोती दुसरी करायची, आणि दोन्हींची चव बघून निकाल द्यायला परीक्षक एकच. त्या काळात त्याचं पोट सुटलं, चेहऱ्यावर तेज आलं. पण एकदा दोघींनी एकाच दिवशी, "एक तर ती राहील नाहीतर मी," असं त्याच्यामार्फत एकमेकींना कळवलं. तेव्हा मात्र तो घाबरला आणि त्यानं इलाज केला.

इलाज त्याच्या धंद्यातलाच होता. सांगलीत, विश्रामबागेत त्याचं प्लग-इन दुरुस्तीचं दुकान होतं.

पूर्वी ब्राउझर पडद्यावर असायचा आणि माणूस त्यातून जग बघायचा. पुढे तो चिंचोक्याएवढा होऊन माणसाच्या कानात जाऊन बसला आणि जगच त्यातून गाळून आत यायला लागलं. बाहेरचा आवाज आधी ब्राउझर ऐकतो. त्या आवाजाच्या लाटेवर बरोबर उलटी लाट सोडून तो मूळ आवाज जागच्या जागी विझवतो. ही विझवण्याची युक्ती जुनीच, विमानात इंजिनाची घरघर घालवायला वापरायचे ती. नवं एवढंच, की विझवलेल्या वाक्याच्या जागी तो दुसरं वाक्य वाजवू शकतो, त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्या खोकल्यासकट. ओठ आणि शब्द यांचा मेळ जरासा चुकतो, पण मेंदू अशा बाबतीत फार मोठ्या मनाचा. डब केलेले सिनेमे बघून बघून त्याला सवयच झालेली असते.

मात्र विझवायचं काय आणि वाजवायचं काय, हे ब्राउझरला आपलं आपण कळत नाही. ते शिकवणारी छोटी जोडणी म्हणजे प्लग-इन. घोरणं गाळणारं एक, समोरच्याचं नाव कानात सांगणारं एक, रिक्षावाल्याचं गाणं बंद करणारं एक. आणि त्यातच एक होतं 'साखरपेरणी'. ते फक्त घरच्या माणसांच्या आवाजावर चालायचं. वाक्यातला मुद्दा ठेवायचा आणि धार काढून टाकायची, एवढंच त्याचं काम. 'गिळायला ये' असं कोणी म्हटलं, की कानात 'जेवायला ये' पडायचं. कळायचं तेवढं कळायचं आणि लागायचं काहीच नाही.

अभिनंदननं ते आधी दोन दिवस स्वतःच्या कानात घालून पाहिलं. मग 'कानातला मळ काढणारं नवीन प्लग-इन आलंय' अशी थाप मारून आईच्या आणि बायकोच्या कानात बसवलं.

आणि घर बदललं! दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या. नुसत्या बोलायला नाही, मधात बुडवून बोलायला.

चौगुल्यांकडे त्रिशलाबाईंच्या नेमामुळे दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. त्यामुळे अभिनंदन दुकान लवकर बंद करून यायचा, प्रणोती हळदीच्या गोदामातून, जिथं ती हळदीची प्रत तपासायची, तिथून पिवळ्या हातांनी यायची, आणि तिघं एकत्र पानावर बसायची.

"किती सुबक भाकरी केलीस गं," त्रिशलाबाई म्हणायच्या. म्हणताना चेहरा मात्र कारलं चावल्यासारखा. पित्त असेल, असं अभिनंदनला वाटे.

"तुमच्याकडूनच शिकले आत्ती," प्रणोती म्हणायची.

आणि एवढ्यावर दोघी पोट धरून हसायच्या. त्रिशलाबाईंना ठसका लागायचा, प्रणोती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. पानात मान घालून बसलेला अभिनंदन ते वाक्य मनात उलटंपालटं करून बघायचा. सुबक भाकरी. तुमच्याकडून शिकले. यात हसण्यासारखं काय आहे? नक्कीच त्याला न कळणारं काहीतरी त्या दोघींत शिजत होतं, आणि त्यात त्याचं नावही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईला मुद्दाम सांगून पाहिलं, "भाकरी फारच सुबक झालीय." कोणीही हसलं नाही. त्रिशलाबाई म्हणाल्या, "होय बाळा, जेव सावकाश." प्रणोतीनं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी प्रणोतीकडे. बस, एक नजर. ती नजर त्याच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली. माणसं बायकोवरच्या परपुरुषाच्या नजरेनं बेचैन होतात. हा आपल्या आईच्या नजरेनं झाला.

मग तो एकेक आठवून जळायला लागला. निरोप बंद. दोन भाज्या बंद. आईनं घुसळलेलं लोणी पहिल्यांदा प्रणोतीच्या भाकरीवर. दंडोबाच्या डोंगरावर दोघीच जाऊन आल्या, त्याला शेंगदाण्याच्या चटणीच्या भरवशावर घरी ठेवून. त्याच्याही आधी, गेल्या श्रावणात, तर कहर झाला होता. प्रणोती माहेरी जयसिंगपूरला गेली, तर मागोमाग आईही बसनं तिथं गेली, आणि चार दिवसांनी दोघी हातात हात घालून, डोळे रडून लाल आणि तोंडं हसून फाटलेली, अशा परत आल्या. त्याला कोणी 'चल' म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागलं नाही.

साखरपेरणी काढून टाकावं, असं अनेकदा त्याच्या मनात आलं. पण कुठल्या तोंडानं काढायचं?

मग ब्राउझरची नवी आवृत्ती आली.

सकाळी शटर वर करायच्या आधीच दुकानासमोर गर्दी. नव्या आवृत्तीनं सगळ्यांचे कान परस्पर बदलून टाकले होते आणि जुन्या प्लग-इनांना नवं घर मानवत नव्हतं. निवृत्त शिक्षक पाटकी सरांचं घोरणं गाळणारं प्लग-इन उलटं बसलं होतं. त्यांना आता फक्त घोरणंच ऐकू येत होतं.

"सर, त्रास होत असेल ना?" अभिनंदननं खडूनं पाटीवर लिहून विचारलं.

"त्रास कसला? सत्कार समारंभातूनच उठून आलोय. भाषण ऐकू आलं नाही, पण श्रोते स्वच्छ ऐकू आले."

नावं सांगणारं प्लग-इन वापरणाऱ्या एका कारखानदाराला त्याच्या सगळ्या नातेवाइकांची नावं 'पंप' अशी ऐकू येत होती आणि ते खोटं आहे असं त्याला म्हणवत नव्हतं.

या दुखण्यावर धंद्यात एकच उपाय चालतो. आधी सगळी प्लग-इनं बंद करायची. कान कोरा करायचा. मग एकेक चालू करत जायचं, आणि ज्याला चालू केल्यावर बिघाड परत येईल तो चोर. दिवसभर अभिनंदन हेच करत होता. दुपारपर्यंत त्याला आणखी एक गोष्ट कळली. माणसाचे शब्द बदलून वाजवणारी सगळी प्लग-इनं नव्या आवृत्तीनं झोपवून ठेवली होती. मालकानं नव्यानं परवानगी दिल्याशिवाय ती उठणार नव्हती.

म्हणजे साखरपेरणीही झोपलं होतं.

त्याचे हात थांबले. आज संध्याकाळी त्या दोघी एकमेकींना पहिल्यांदा ऐकणार होत्या! परवानगी द्यायला दोन बोटांचं काम होतं. घरी जाऊन, गुपचूप, आईच्या कानाला एक आणि बायकोच्या कानाला एक.

नाही द्यायची, असं त्यानं ठरवलं. मनाला कारणही दिलं की खोट्यावर घर उभं राहत नाही. मनानं ते ऐकून घेतलं. खरं कारण मनाला आधीच माहीत होतं.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. पानं वाढलेली. तो बसला, पहिला घास मोडला आणि त्रिशलाबाईंनी भाकरी उचलून उजेडाकडे धरली.

"ही भाकरी आहे का आफ्रिका खंड? खालचं टोक साफ जळालंय."

अभिनंदनचा घास हातात राहिला.

"तुम्ही वरचंच खा आत्ती," प्रणोती म्हणाली. "खाली सिंह असतात. तुमच्या दोन दातांनी त्यांना कधी आवरणार?"

"दोन तर दोन. तुझ्यासारखे बत्तीस असून जीभ मोकाट सोडली नाही मी."

आली! आली ती घटका! त्यानं आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं. एक गोड गोड ऊब अंगभर पसरत चालली होती. आता आई म्हणणार, 'अभ्या, तुझ्या बायकोला सांग.' तो तयारीत बसला. आवाज साफ करून घेतला.

पण दोघी हसत सुटल्या. पोट धरून. त्रिशलाबाईंना ठसका लागला, प्रणोतीनं पाठीवरून हात फिरवला.

धक्का बसला की माणसं आधी हसतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. रडणं उद्या येईल, म्हणून तो थांबला. दुसऱ्या दिवशी आईनं प्रणोतीच्या आमटीला 'न्हाणीतलं पाणी' म्हटलं. तिसऱ्या दिवशी प्रणोतीनं आईच्या नव्या लुगड्याला 'शामियाना'. रडणं काही येईना. उलट लोणी अजून प्रणोतीच्याच भाकरीवर पडत होतं. आता त्याला दुप्पट जळायला झालं. गोड बोलून जिवलग होणं तो समजू शकत होता. पण भांडण हे त्याचं खातं. त्याच्याशिवाय, त्याच्या डोक्यावरून, इतकं कसदार भांडण?

शेवटी त्यानं प्रणोतीला एकटं गाठलं. "आईला काही सांगायचं असेल तर मला सांग. मी नीट पोचवतो."

"का? त्या कुठं गेल्यात?"

"गेली नाही. स्वयंपाकघरात आहे."

"मग तोंड आहे की मला." तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "तुला बरं वाटतंय ना?"

त्याला अजिबात बरं वाटत नव्हतं. संध्याकाळी पानावर त्रिशलाबाई म्हणाल्या, "दुधाला विरजण लावलंयस की शाप दिलायस?" तेव्हा त्याचा बांध फुटला.

"बास!" तो म्हणाला. "माझीच चूक आहे. आई, तिचं मनावर घेऊ नकोस. प्रणोती, तू आईचं घेऊ नकोस. तुमचं साखरपेरणी बंद पडलंय. मी मुद्दाम चालू केलं नाही. आता करतो."

त्रिशलाबाईंनी दह्याची वाटी खाली ठेवली.

"कसली साखर?" त्रिशलाबाई म्हणाल्या.

त्यानं सगळं सांगितलं. थाप, मळ, प्लग-इन, दोघींचे कान. सांगताना मान खाली. आता दोघी घर डोक्यावर घेणार, असं वाटून त्यानं डोळे मिटून घेतले.

"ते होय?" प्रणोती म्हणाली. "ते मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. आत्तींनी मला 'सोनुली' म्हटलं. मी आधी डॉक्टरांना फोन केला, मग कान तपासला."

"मला ही म्हणाली, 'आई, तुम्ही बसा, मी करते,'" त्रिशलाबाई म्हणाल्या. "मला घामच फुटला. म्हटलं, माझं काही खरं नाही, हिला डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय. शेजारच्या पोराकडून लगेच काढून घेतलं ते."

"म्हणजे इतके दिवस..." अभिनंदन अडखळला. "तुम्ही एकमेकींशी गोड बोलत होतात."

"गोड?" प्रणोती म्हणाली. "आम्ही?"

मग धंदा करून हाडात मुरलेली गोष्ट अभिनंदनच्या हातांनी त्याला न विचारता केली. त्यानं स्वतःच्या कानाची यादी उघडली. गिऱ्हाइकांची प्लग-इनं तपासून बघायला म्हणून तो आधी आपल्याच कानात घालायचा आणि काढायची विसरायचा, त्यामुळे कानाची अडगळीची खोली झाली होती. ढिगाच्या तळाशी साखरपेरणी होतं. नव्या आवृत्तीनं झोपवलेलं. त्याआधी, बसवल्या दिवसापासून, सलग जागं.

"बोला काहीतरी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्याला परका वाटला. "मी चालू-बंद करून बघतो."

"काय बोलू?" त्रिशलाबाईंनी पदर खोचला.

"काहीही. जे नेहमी म्हणतेस ते."

"बैलोबा, पानावर बसून कान काय कोरतोयस?"

त्यानं परवानगी दिली. "परत."

त्रिशलाबाईंचे ओठ तसेच हलले. कानात आईच्याच आवाजात आलं, "बाळा, जेवताना कानाकडे लक्ष नको देऊस."

"परत," तो म्हणाला. पण आता त्रिशलाबाईंना प्रणोतीनं हातानं थांबवलं. ती हसत नव्हती.

"मी बोलते. आहे ना चालू?"

"आहे."

ती बोलली. कानात तिचा मऊ, समजूतदार आवाज आला. "अभि, मी जयसिंगपूरला जाऊन येते. तू मला न्यायला यायचा त्रास घेऊ नकोस."

त्याला आठवलं. श्रावणातली सकाळ, ती दारात बॅग घेऊन उभी. अगदी हेच वाक्य. तेव्हा त्यानं चहाचा कप खाली न ठेवता उत्तर दिलं होतं, 'मजेत राहा. घाई करू नकोस.'

"आता बंद कर," प्रणोती म्हणाली.

त्यानं बंद केलं. ती पुन्हा बोलली, शब्द न शब्द सावकाश.

"अभि, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीला उटणं लावणं. मी रडले तरी हसतोस, शिव्या दिल्या तरी हसतोस. मी चाललेय जयसिंगपूरला. माझ्यामागं न्यायला म्हणून येऊ नकोस."

अभिनंदननं हातातला घास परत पानात ठेवला.

"तू म्हणालास, मजेत राहा," ती म्हणाली.

"मी आतून ऐकलं," त्रिशलाबाई म्हणाल्या. "म्हटलं, हे माझ्या पोटी आलं कुठून? मीही ह्याला वर्षभर शिव्या घालतेय, हा म्हणतोय 'होय आई'. मग मीच गेले हिला आणायला. तोवर आमचं वाकडंच होतं, ह्याच्या हातून निरोप धड पोचेनात म्हणून समोरासमोर भांडायचो एवढंच. पण हिच्या आईसमोर आम्ही दोघी बसलो आणि तुझ्याबद्दल बोलायला लागलो. तिन्हीसांज झाली तरी संपेना. जेवायचंसुद्धा राहिलं त्या दिवशी. नेम मोडला माझा."

म्हणजे ज्या मैत्रीवर तो जळत होता, तिचा सगळा दारूगोळा तोच होता. आणि दोघींच्या बडबडीत आपलं नाव नाही म्हणून तो कुढत होता. नाव होतं. रोज होतं. कानापर्यंत येता येता त्याचं 'बाळा' होत होतं.

कानात नव्या आवृत्तीचा नम्र आवाज आला. साखरपेरणीला कायमची परवानगी द्यायची का, म्हणून विचारत होता. अभिनंदनला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचाच हेवा वाटला, गेल्या आठवड्यापर्यंतच्या त्या माणसाचा, ज्याला कोणी सोडून जात नव्हतं, सगळे फक्त जाऊन येत होते. किती सुखाचा जळफळाट होता तो! त्याचं बोट हवेत थांबलं. प्रणोती त्या बोटाकडे बघत होती.

त्यानं साखरपेरणी पुसून टाकलं. मग चिंचोका कानातून काढला आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"ऐकू येतंय?" प्रणोतीनं विचारलं.

"येतंय."

"मग ऐक. तू भित्रा आहेस. दोन माणसांमधलं भांडण तुला सोसलं नाही, म्हणून त्यांचे कान बदललेस. आणि त्यातही स्वतःचा आधी."

ते लागलं, बरगड्यांच्या मध्ये कुठंतरी. इतक्या दिवसांत काहीच लागलं नव्हतं, त्यामुळे लागल्यावर काय करायचं असतं ते त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा हसू येईल की काय, अशी त्याला भीती वाटली. आलं भलतंच.

"आणि तू?" तो म्हणाला. आवाज चढला होता. "तू गेलीस ते मला कळलंच नाही, हा माझा गाढवपणा. पण आलीस तेव्हा काय? आईच्या हातात हात घालून आलीस! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस! दंडोबाला गेलात, मला विचारलं? लोणी कोणाच्या भाकरीवर पडतं घरात? मला अन्न जात नव्हतं तेव्हा एकीनं तरी विचारलं, का म्हणून?"

"मला वाटलं पित्त," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"पित्त नव्हतं! जळत होतो मी! तुमच्यावर! दोघींवर!"

बाहेर उजेड सरत आला होता, पण त्रिशलाबाईंनी खिडकीकडे पाहिलं नाही. त्यांनी प्रणोतीकडे पाहिलं आणि प्रणोतीनं त्यांच्याकडे. तीच ती नजर. मग प्रणोतीनं ती नजर तशीच, मोडू न देता, अभिनंदनकडे वळवली आणि आपलं पान बाजूला सारून मांडी नीट घातली.

"बोल की," ती म्हणाली. "थांबलास कशाला?"